बाबांचं तसराळं

मोलोच्ना नदीकाठ, हिवाळा १९१९

प्रिय डीट्रिख,

पत्र शेवटपर्यंत वाच. अर्धं ऐकून पळत सुटायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुझे बाबा गेले हे तुला कळलंच असेल. कसे गेले ते माझ्याकडून ऐक, लोक त्यात मीठमसाला घालतील. काळ्या झेंड्याचे बंडखोर स्वार दूध काढायच्या वेळी आले. आधी शेजारी पेनरांकडे शिरले. त्यांच्या थोरल्याने माळ्यावरून गोळी झाडली, एक स्वार पडला. मग त्या घरात त्यांनी कुणालाच सोडलं नाही, पाळण्यातल्या लेकरालाही नाही. तिथून रक्ताळलेल्या तलवारी घेऊन आपल्याकडे आले. बाबा दारात रिकामे हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "या, जेवून जा." मला तेव्हाही रागच आला, घरात पाव होता कुठे? पहिला घाव त्या पसरलेल्या हातांवर पडला, दुसरा मानेवर. तो पानासने घातला. आपल्याच गोठ्यात राबलेला, माझ्या हातचं खाल्लेला पानास. मग उंबरठ्यावर बसून त्याने बाबांचे बूट काढले आणि स्वतःच्या पायांत घातले.

गोळी झाडणाराही मेला आणि न झाडणाराही. तुझ्या आणि बाबांच्या भांडणात खरं कोण, ते मला अजून कळलेलं नाही. आपल्या ख्रिस्ती मंडळीत पिढ्यान् पिढ्या कुणी शस्त्र धरलं नव्हतं, आणि उपदेशकाचा मुलगाच बंदूक घेऊन निघाला! तू ओरडलास, "पोरींना ओढून नेतील तेव्हा आम्ही स्तोत्रं म्हणत बसायचं? दुबळ्यांची ढाल होणं ही प्रीती नाही का?" बाबा एवढंच म्हणाले, "ढाल हो की. तलवार कशाला?" तू दार आपटून गेलास. चर्चच्या वडीलमंडळींनी तुला प्रभुभोजनाला बंदी केली. एक गोष्ट मात्र तुला कुणी सांगितली नसेल. ईस्टरला प्रभुभोजनानंतर रिवाजाप्रमाणे सगळे जोडीजोडीने एकमेकांचे पाय धूत होते, तेव्हा बाबा कुणासमोरही बसले नाहीत. "माझ्यासमोरची जागा पोराची आहे," म्हणाले आणि पाय धुवायचं तसराळं कोरडंच काखेत मारून घरी आले. मी त्यांना हट्टी म्हातारा म्हटलं. तूही त्यांच्यावरच गेलायस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. स्वार पुढे निघून गेले, तापाने फणफणलेल्यांना मात्र गावातच टाकून गेले. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात एक पडलाय. पानास. त्याला ओढत आत मीच नेलं. सुजलेल्या पायांतून बूट निघेनात, म्हणून चाकूने कापले. चाकू माझ्या हातात होता, डीट्रिख, आणि आसपास कुणी नव्हतं. मग मी बाबांचं तसराळं आणलं आणि त्याचे पाय धुतले. क्षमा केली असं समजू नकोस, रडत आणि शिव्या देत धुतले. तो "आई, पाणी" म्हणतो तेव्हा 'मी तुझी आई नव्हे' म्हणून खेकसते, तरी पाणी पाजते. तू येशीलच, आणि बंदूक घेऊनच येशील. त्या स्वयंपाकघराचं दार उघडण्याआधी मला हाक मार. मी दाराला आडवी खाट टाकून निजते. त्याच्यापर्यंत जायचं तर तुला आधी मला मारावं लागेल. बंदूक कुंपणापाशी ठेवलीस, तर तसराळं घासून ठेवलंय. बाबांच्या जागी मी बसेन. समोरची जागा तुझीच आहे.

तुझी वाट पाहणारी,
तुझीच आई