दुधावरचा आळ

माय,

तान्हे मूल सांभाळलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट पाहिलेली असते, पण तिचे कोडे सोडवत बसायला त्या वेळी कुणालाच उसंत नसते. पोट दुखणारे मूल जीव तोडून किंचाळते, पाय पोटाशी ओढून घेते, लालबुंद होते. आणि मग कुणी कळ दाबावी तसे एकदम गप्प होते. इकडेतिकडे पाहते, क्वचित हसतेसुद्धा. घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. थोड्या वेळाने तीच किंकाळी पुन्हा उठते. दुखणे खरे असेल, तर मधल्या वेळात ते जाते कुठे? आणि खरेच गेले असेल, तर परत कशाला येते?

हे कोडे तू मांडीवर घेऊन बसली होतीस. केनवडचे आपले घर, अंगणात तुरी झोडपून झाल्यावरचा भुसा, आणि ओसरीवर तू. मांडीवर माझा भाऊ आहे. रांगायला नुकताच शिकलेला. मी खांबाला धरून उभी आहे आणि मला कुणी आत जा म्हणत नाही, कारण माझ्याकडे कुणाचे लक्षच नाही. तो किंचाळतो. शेजारची काकू मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकते. तो गप्प होतो. "पाह्य, नजरच व्हती," काकू म्हणते. तो पुन्हा किंचाळतो. आता आजी बिबा तापवते, सुईच्या टोकाने त्याचे काळे तेल बेंबीभोवती टेकवते. कातडी चरचरते, तो आणखी रडतो, मग गप्प होतो. "लागू पडला," आजी म्हणते. ज्याच्या हाताखाली मूल शांत झाले, त्याचा उपाय खरा ठरत होता, आणि पुढची किंकाळी उठली की आधीचा उपाय सगळे विसरून जात होते. एवढी माणसे, एवढे प्रेम, आणि सगळ्यांच्या हिशेबात तीच एक चूक.

मग आजीने तुझ्याकडे पाहिले. "काय खाल्लं वो तू काल?"

"अंबाडीची भाजी, आत्याबाई."

"झालं! आंबट दुधातून उतरलं लेकराच्या पोटात. काढ त्याले आंगावरून."

त्याला तुझ्या अंगावरून काढले. आणि या वेळी तो जो गप्प झाला, तो गप्पच राहिला. सगळ्या ओसरीने त्याकडे पुरावा म्हणून पाहिले: दूध तोडले आणि मूल थांबले. आज मला ठाऊक आहे की त्याच्या अंगात रडण्याइतके बळ उरले नव्हते. त्याच्या दुपट्यावर तांबडा चिकट शेंबडासारखा डाग होता, तू तो धुतलास आणि म्हणालीस, "माहं दूध नासलं त्याच्या पोटात." रिसोडच्या दवाखान्यात न्यायचे ठरले तोवर न्यायला काही शिल्लक राहिले नव्हते.

तुझ्यावर कुणी ओरडले नाही. ओरडले असते तर बरे झाले असते. तू उलटून बोलली असतीस. त्यांनी फक्त तुझी कीव केली, आणि तू तो आळ दागिन्यासारखा अंगावर वागवलास. त्या दिवसापासून तू कोरा चहा प्यायलीस. बारशाला गेलीस तर पाळण्यापासून लांब, भिंतीला टेकून बसलीस. माझी मुलगी झाली तेव्हा मी वैद्यकीचे शिक्षण घेत होते आणि तू एसटीने पिशवीत दूधपावडरचा डबा घेऊन आलीस. बाळाकडे पाहण्याआधी तो डबा माझ्या उशाशी ठेवलास. "वरचं पाज. आपल्या घरान्याचं दूध खोटं हाय." मी म्हणाले, माय, असे नसते. तू म्हणालीस, "मीनं तुले शिकवलं ते मले शिकवाले नाई." तुझ्या बोलण्यात राग नव्हता. मी माझ्या लेकीला अंगावरच पाजले. तू तेवढा वेळ खोलीबाहेर जाऊन उभी राहायचीस.

तू गेलीस त्यानंतर मी लहान मुलांच्या पोटाची चित्रे वाचायला शिकले. आता वाशिमात तेच काम करते आणि शिकवतेही. तुला त्याबद्दल सांगायचे आहे, आणि तू मध्ये बोलू शकत नाहीस, म्हणून सविस्तर सांगते.

आतडे म्हणजे नुसती नळी नव्हे; ती सतत चालत असते. तिच्या भिंतीत एक लाट उठते, अन्न पुढे ढकलते आणि विरते, मग दुसरी लाट. कधीकधी, बहुतेक वेळा एखाद्या साध्या सर्दी-जुलाबानंतर, आतल्या गाठी सुजतात. लाट त्या सुजलेल्या भागाला अन्न समजून पुढे ढकलते आणि आतड्याचा एक भाग पुढच्या भागाच्या पोटात शिरतो. दुर्बिणीची एक नळी दुसऱ्या नळीत सरकते तसा. लाट आली की अडकलेला भाग आवळला जातो आणि मूल किंचाळते. लाट विरली की ते गप्प होते. कोड्याचे उत्तर एवढेच आहे. दुखणे कुठेही जात नाही, फक्त लाटांच्या मधल्या फटीत थांबते. त्या फटीत मीठ-मिरची ओवाळा, बिबा घाला किंवा नुसते आकाशाकडे पाहत बसा, मूल शांत होणारच. पण आत शिरलेल्या भागाचा रक्तपुरवठा हळूहळू तुटत जातो, आणि तो तांबडा डाग तिथून येतो. त्यात दुधाचा काही संबंध नाही.

आणि हे आता दिसते, माय! मला अजूनही याचे नवल वाटते. आपल्याला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि आतून परत येणाऱ्या प्रतिध्वनीचे चित्र करायचे. याला सोनोग्राफी म्हणतात; किरण नाहीत, टोचणे नाही. मोठ्या माणसाच्या पोटातली चरबी आवाजाची वाट अडवते. बाळाचे पोट पातळ असते, म्हणून हे यंत्र सर्वांत स्वच्छ चित्र देते ते सर्वांत लहान रुग्णाचे. आत शिरलेले आतडे पडद्यावर कसे दिसते सांगू? कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी, वर्तुळात वर्तुळे. एकदा पाहिले की विसरता येत नाही. रंगांत रक्त वाहताना दिसते, तांबडे आणि निळे. रंग दिसत असले म्हणजे आतडे जिवंत आहे आणि आपल्याला वेळ आहे.

गेल्या आठवड्यात मेडशीकडचे एक कुटुंब आले. बाळ साधारण आपल्या बाळाच्याच वयाचे. बापाने त्याला छातीशी धरले होते, आजी पुढे होती, आणि आई सर्वांत मागे, पदराचा बोळा छातीवर दाबून. तिच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग फुटले होते. मी टेबलावर बाळाचा अंगरखा वर केला, तर बेंबीभोवती बिब्याचे ताजे काळे ठिपके.

"मॅडम, आता कमी झालं वाटते," बाप म्हणाला. "सकाळपासून रडलंच नाई. उगीच तरास दिला तुमाले. घेऊन जाऊ का?"

"दूध तोडलं ना म्यां सकाळी, म्हनून थांबलं," आजीने खुलासा केला. "इनं लग्नात हाटेलासारखं खाल्लं सारं. इचारा तिले."

सून फक्त भिंतीकडे सरकली, माय, भिंतीकडे! मी ते सरकणे ओळखते. मी ठरवले की ही बाई या खोलीतून भिंतीला टेकून बाहेर जाणार नाही.

"ते थांबलं नाई, काकू, थकलं हाय," मी म्हणाले. "कोनी कुठं जाऊ नका." जेली जपून लावली, कारण ठिपक्यांखालची कातडी सोललेली होती. पडद्यावर कांद्याची चकती उमटली. पोटात कुठे छिद्र पडल्याची खूण नव्हती, आणि आतल्या वर्तुळात रंग होता: थोडाच, पण होता. मुलांचे सर्जन ठरलेल्या दिवशी अकोल्याहून येतात आणि नशिबाने तो दिवस तोच होता. त्यांनी बाळाचे पोट तपासले, चित्र पाहिले आणि म्हणाले, "सलाइन लावा, तोवर तुम्ही सोडवायचा प्रयत्न करा. नाहीच सुटले तर दुर्बिणीतून करू, मी तयारी ठेवतो." आमच्या विद्यार्थिदशेत या दुखण्याला बहुधा पोट फाडावे लागे. आता लागलीच तर पोटावर बारीक छिद्रे लागतात, आणि त्यांतून जाणारी हत्यारे पेनातल्या रिफिलहून फार जाड नसतात.

मी पडदा त्या तिघांकडे वळवला आणि सुनेला पुढे बोलावले. "तुमी इकडं उभ्या राहा. लेकरू तुमचं हाय." खालच्या वाटेने कोमट मिठाचे पाणी सोडायचे, पिशवी उंचावर टांगायची, आणि पाण्याच्या स्वतःच्या भाराने अडकलेला भाग आला त्या वाटेने मागे ढकलला जातो, मी वरून यंत्र फिरवत त्याच्यावर नजर ठेवते. शस्त्र नाही, टाका नाही. पाणी चढू लागले. वर्तुळे मागे सरकली, उजव्या बाजूला आली आणि अडली. लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे जुळते तिथे दार असते, तिथेच बहुतेक वेळा अडते. मी पाणी सोडून दिले, बाळाला विसावा दिला आणि पुन्हा सुरू केले. पुन्हा तिथेच अडले. सर्जन दारात येऊन उभे राहिले होते; त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"काहून थांबलं?" सुनेने विचारले. सकाळपासून तिने उच्चारलेला तो पहिला शब्द असावा.

"दार घट्ट हाय. आनखी एकदा पाहू."

तिसऱ्या वेळी वर्तुळे दाराशी आली, थरथरली, आणि एकाएकी नाहीशी झाली. पाणी दारातून लहान आतड्यात धो धो शिरले. पडद्यावर काळ्या पोकळ्या एकामागून एक उघडत गेल्या. मी मोठ्याने "सुटलं!" म्हणाले, जे माझ्या वयाच्या बाईला शोभत नाही.

आजी पडद्याजवळ आली. "म्हंजे माह्या बिब्यानं काईच झालं नाई म्हनता?"

"झालं ना, काकू. कातडी भाजली."

बाप खाली पाहून हसला. मी मात्र हसले नाही. मी त्यांना सगळे समजावून सांगितले, लाट, गाठ, दार, पाणी, आणि शेवटी खोलीबाहेरच्या बाकावरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिचं दूध चांगलं हाय. लग्नात काय खाल्लं त्याच्याशी याचा संबंध नाई. तिचं दूध कायले बदनाम करता?"

सर्जनांनी परवानगी देईपर्यंत काही तास बाळाला उपाशी ठेवावे लागले. परवानगी मिळाली तेव्हा मी वॉर्डात मुद्दाम गेले. बाळ तोंड फिरवून आईचा पदर शोधत होते आणि ती सासूकडे पाहत होती. सासूने दिवसभर त्या बाळाला खांद्यावर खेळवून पाठ मोडून घेतली होती. ती दुष्ट नव्हती, आपल्या ओसरीवर तरी कोण दुष्ट होते? ती तोंड वळवून म्हणाली, "माह्याकडं काय पाहून राह्यली? पाज त्याले. मॅडम बोंबलत व्हत्या ना, चांगलं हाय म्हनून."

तिने पाजले. मी खोलीबाहेर गेले नाही.

तर आता तुझ्याशी. आपल्या बाळाला नेमके हेच झाले होते असे मी सिद्ध करू शकत नाही. त्याचे चित्र नाही, आणि चित्राशिवाय निदान करणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढते. पण सगळी लक्षणे मांडून पाहिली तरी, त्याला हे झाले असो की दुसरे काही, ज्या एका गोष्टीचा त्यात हात असू शकत नाही ती तुझे दूध. तू आयुष्यभर जे मान्य केलेस ते मी मान्य करत नाही. तू माझी आई आहेस म्हणून नव्हे. ते चूक आहे म्हणून. अंबाडी निर्दोष आहे. तू निर्दोष आहेस. आपल्या घराण्याचे दूध मी पाजले आहे आणि ते पिऊन वाढलेली मुलगी आता माझ्याशी वाद घालते. तू गप्प राहून जिंकलीस, पण मी तुला जिंकू देणार नाही. तू मेलीस एवढ्याने वाद संपत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी तू पुन्हा तेच म्हणाली असतीस, की शिकवू नको. म्हणून ते माझ्याकडेच राहील. तरीही शिकवण्याची खोड जात नाही, तेव्हा कुणालाही घरी करता येईल अशी एक साधी परीक्षा सांगते. उचकी लागली की आपण म्हणतो, कुणीतरी आठवण काढतेय, आणि एकेक नाव घेत जातो; ज्या नावाला उचकी थांबते, ते माणूस. पुढच्या वेळी उचकी लागली की नावे घेऊन पाहा. त्याच्या पुढच्या वेळी एकही नाव घेऊ नका, नुसते स्वस्थ बसा. उचकी तेव्हाही थांबेल. जे आपोआपच थांबणार होते, त्याचे श्रेय किंवा दोष आपण शेवटच्या नावाला कसा देतो, ते तुमचे तुम्हाला कळेल. मी ही परीक्षा सगळ्या विद्यार्थ्यांना करायला लावते. स्वतः मात्र मी तिचा पहिला भागच करत आले आहे. दुसरा करून पाहायला अजून धजले नाही, कारण मी पहिले नाव तुझे घेते, आणि उचकी बहुधा तिथेच थांबते.