पानगळीतली घळ

१ मार्च, रविवार
टेकडीवर गेलेलो. काटेसावर अंगभर फुललीय, मैनांचा नुसता कल्ला. सागाची पानं गळली, टेकडी आरपार दिसते. पूर्वी याची वाट बघायचो. आता नजर वरच ठेवतो, फुलांवर.

ही राई जोगकाकांनी आम्हा चार टाळक्यांना घेऊन उभी केली. शेवटी शेवटी त्यांना काही आठवेना. गेल्या पावसाळ्यात नौपाड्याच्या घरून निघाले, टेकडीपाशी रिक्षातून उतरले, वर गेले. मग नाहीच. पोलीस, आम्ही, सगळ्यांनी शोधलं. गवत डोक्याएवढं होतं.

काकू दर रविवारी येतात. पायथ्याच्या रोपांना पाणी घालतात. वर कधीच नाही.

८ मार्च
वरच्या घळीत एकटाच. पायाशी पाचोळाच उडाला असं वाटलं. रातवा पक्षी! जागेवर दोन अंडी, उघड्यावर. वाकून बघतोय तर हातभर अंतरावर चप्पल. पुरुषाची, उन्हानं तडकलेली. आजूबाजूला बघितलंच नाही, खाली आलो.

काकूंना मोबाइलवर फोटो दाखवला. "त्यांची नाही," म्हणाल्या. चष्मा न लावताच.

९ मार्च
ऑफिसात लक्ष नाही. पोलिसांना सांगायला हवं. पण ते घळ उपसणार, अंडी जाणार. अंड्यांसाठीच थांबलोय ना मी, की...

संध्याकाळी काकूंचा फोन. आधी खिडकीशी तांबट ओरडतोय वगैरे. मग म्हणाल्या, "पिल्लं उडेपर्यंत थांबशील? तोवर हे फिरायला गेलेत असं म्हणता येतं रे."
हो म्हटलं.

१५ मार्च
घळीकडे फिरकलो नाही. काकू आल्या नाहीत. पाणी घालताना मागे कुणी उभंय असं सारखं वाटत होतं. वळलो, तर पानांवरून सरडा गेला. काका असेच मागे येऊन उभे राहायचे, न बोलता, आळं नीट केलंय का बघत.

२१ मार्च, शनिवार
पलीकडच्या उतारावर वणवा. झोडपून विझवला. उद्या सगळे मिळून जाळरेषा काढणार, आग अडावी म्हणून पाचोळा ओढत ओढत, थेट घळीतून. नाही म्हणता येत नाही, राई जाईल.

काकूंना कळवलं. त्यांनी विचारलं, चढ फार आहे का, काठी लागेल का. म्हटलं, तुम्ही खालीच थांबा.
"मला ने," म्हणाल्या. "बाकीचे यायच्या आधी."

पहाटे त्यांना आणायला जातोय. चपलेच्या पुढे काही असलं तर आधी मी बघायचं की त्यांनी, ते ठरलेलं नाही.