टीव्हीच्या खटल्याचा निकाल

आई,

इस्त्री बंद केली आहे. तुझा चष्मा फ्रिजवर आहे. मांजरीला खायला घातलंय, तिच्या नाटकांना भुलू नकोस. तू फाडलेलं सरावाचं उत्तर चिकटपट्टीने जोडून टेबलावर ठेवलंय.

"मला लिहिता येत नाही, या वयात वकिली कसली, परीक्षेला बसतच नाही," असं काल म्हणालीस. मी उत्तर वाचलं. दोन पानं नुसती कलमं उतरवली आहेस. प्रश्नातल्या भाडेकरूने घर सोडायचं की नाही, ते शेवटपर्यंत कळत नाही.

पण त्याआधी बाबांशी भांडलीस, ते आठव. "प्रश्न एवढाच, टीव्ही बंद होणार की नाही? या घरात कुणाची परीक्षा असली की टीव्ही बंद असतो. पोरीच्या वेळी होता. आता परीक्षा माझी आहे. तेव्हा बंद करा!" बाबा "बरं, वकीलसाहेब" म्हणत बाल्कनीत गेले.

तसंच लिही. आधी प्रश्न, मग नियम, मग भाडेकरूची हकिकत, मग निकाल. लिहिलेलं मोठ्याने वाच. जिथे बाबा मध्येच तोंड घालतील असं वाटेल, तिथे अजून एक कारण दे.

मी संध्याकाळी येते. नवीन उत्तर बघायचंय मला.

रिमोट कालच बाबांनी माझ्याकडे ठेवायला दिलाय.