उल्हास महिला अजिंक्यपदाच्या पट्ट्याबाबत व इतर मिळकतीबाबत

मी, सौ. विठा रघुनाथ फुलोरे, वय एक्कावन्न, राहणार खरवई, बदलापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या मनाने, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे, लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ठिकाणावर नाही ती मान. तिथली चकती सरकून नसेवर बसली आहे आणि डावा हात अधूनमधून माझं ऐकत नाही. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. त्यातून उठेन असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. तरी टेबलावर झोपण्याआधी माझं जे आहे ते कोणाचं, हे कागदावर आलेलं बरं.

यापूर्वी केलेली माझी मृत्युपत्रं रद्द समजावीत. अशी दोन आहेत आणि दोन्ही याच महिन्यातली. माझ्या वकील मीनलताई म्हणाल्या, इतक्या वेळा मन बदलणारी बाई त्यांनी पाहिली नाही. मन बदललेलं नाही. मध्ये एक गोष्ट घडली, ती पाचव्या कलमात येईल.

१. घर. माझे वडील शिवराम यांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत माझ्या नावे दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. वडिलांनी बिल्डरला जमीन दिली तेव्हाच तो माझ्या नावाने लिहून घेतला. लग्न झालेल्या मुलीला कशाला, असं भावकीने विचारलं. वडील म्हणाले, "तिनं जेवढ्या जणी उचलून आपटल्या तेवढ्या तुमी आपटा, तुमालापन लिवून देतो." हा फ्लॅट माझे पती रघुनाथ यांनी हयात असेपर्यंत वापरावा आणि त्यांच्यामागे तो माझा मुलगा सुयोग याचा व्हावा. तोपर्यंत सुयोगने तो विकण्याचा विषय काढू नये. चहा पिता पिता सहज म्हणूनही काढू नये.

२. बचत. बँकेत जे निघेल त्याचे दोन सारखे भाग करावेत. एक पतींचा. त्यांनी आयुष्यभर कॅम्प तीन ते अंबरनाथ शेअर रिक्षा चालवली. माझे गुडघे आपटून आपटून गेले, त्यांचे बसून बसून. दुसरा भाग अंबरनाथ पश्चिमेला ज्या हॉलमध्ये मी मुलींना कुस्ती शिकवते त्या वर्गासाठी. त्यातून गाद्या घ्याव्यात. हार, फलक आणि माझा मोठा फोटो यांवर त्यातलं काहीही जाऊ नये.

३. दागिने. जे थोडे आहेत ते सुयोगच्या होणाऱ्या बायकोचे. ती कोण, हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही. मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही.

४. सामान. गुडघ्यांची पॅडं, लाल पोशाख आणि पाठीला बांधायचा पट्टा हे वर्गातल्या मुलींनी वाटून घ्यावं. बूट टाकून द्यावेत. ते माझ्यासोबत चितेवर ठेवायची हौस कोणी करू नये. तळवे रबराचे आहेत, आलेल्या लोकांना त्रास होईल.

५. अजिंक्यपदाचा पट्टा. हे कलम लांब आहे. मीनलताईंनी ते दोनदा छोटं करून दिलं, मी दोन्ही वेळा परत पाठवलं. सुयोगला वाटतं त्याची आई एका जुन्या बेल्टसाठी वेडी झाली आहे. त्याने हे सावकाश वाचावं.

कॅम्प तीनमध्ये गोपभाई ठारवाणी यांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. परदेशातली कुस्ती केबलवर पाहून त्यांना वाटलं, हे आपल्याकडेही चालेल. त्यांनी रिंग बांधून घेतली, आजूबाजूच्या तालमींतले पैलवान जमवले आणि मेळ्यांतून खेळ सुरू केले. मध्यंतरात लोक उठून वडापाव खायला जातात म्हणून त्यांना बायकांची कुस्ती हवी होती. उल्हास महिला अजिंक्यपद निघालं ते असं, वडापाववाल्याशी स्पर्धा म्हणून. पट्टा त्यांच्याच कारखान्यात शिवला. वर चामडं, आत निळी जीन्स आणि मध्ये पितळेची पाटी.

त्याची पहिली मानकरी बनूबाई. ती अंबरनाथच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायची. मला पडायला तिने शिकवलं. लोक विचारतात, ती कुस्ती खोटी असते ना? कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, हे खरं आहे. पण फळीवर आपटते ती पाठ आपलीच असते, आणि समोरचीने आपल्याला नीट उतरवलं नाही तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही. बनूबाईच्या हातून मला कधी इजा झाली नाही. तिची कुस्ती सुरू झाली की लोक वडापाव हातात धरून परत यायचे.

मग गोपभाईंनी ठरवलं की पट्टा आता माझ्याकडे यावा. मला वाटलं बनूबाई बोलणं टाकेल. कुस्तीआधी मी तिच्याजवळ गेले. ती बुटाच्या नाड्या बांधत होती. म्हणाली, "जिंकणं काय, कोणालापण सांगतील. हरायला माझ्यासारखी लागती. मी खाली नीट पडले तरच तू वर दिसशील. तवा मला बघू नको, लोकांना बघ." त्या दिवशी ती अशी पडली की मैदान उभं राहिलं. पट्टा तिने स्वतः माझ्या कमरेला बांधला. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण पट्टा म्हटलं की मला तिची ती गाठ मारायची पद्धत आठवते, साडीच्या निरीसारखी, आत खोचून.

पट्टा माझ्याकडे असताना यज्ञेश नावाचे एक भागीदार गोपभाईंकडे आले. त्यांना टीव्हीवर जायचं होतं. माझे वडील वारले आणि मी खरवईत दहाव्याला बसले होते, त्याच दिवशी यज्ञेश यांनी कॅम्प तीनच्या मैदानावर माइक घेऊन सांगितलं की विठा घाबरून पळाली, सबब तिचं अजिंक्यपद काढून घेतलं आहे. आणि ठाण्याहून आणलेल्या सोनिया नावाच्या मुलीच्या कमरेला एक नवा, चमकणारा पट्टा बांधला. जुना माझ्या कपाटातच होता. माझे पती बाहेर रिक्षात होते. ते आत कधी येत नसत, मला पडताना त्यांना बघवत नसे. लोकांच्या आवाजावरून कुस्तीचं काय झालं ते ओळखत. तो माइक त्यांनी ऐकला आणि तेराव्यापर्यंत मला सांगितला नाही.

मी सोनियाला मनातल्या मनात किती वेळा उचलून आपटलं असेल, सांगता येत नाही. एके दिवशी ती स्वतःच खरवईला आली. उन्हातून चालत आली होती, पाणीही मागितलं नाही. म्हणाली, "ताई, मी कोणालाच हरवलेलं नाही. लोक चॅम्पियन म्हणतात तेव्हा मान खाली जाते. माझ्याशी लढा आणि तुमचं तुम्ही घेऊन टाका."

कुस्ती लागली. यज्ञेश यांनी सोनियाच जिंकेल असं ठरवून दिलं होतं आणि आम्ही दोघींनी मान डोलावली होती. मी तिला खाली घेतलं तेव्हा तिने खांदा उचलायचा होता. पंचाने एक म्हटलं, दोन म्हटलं. यज्ञेश रिंगच्या कडेला येऊन उठ, उठ म्हणून ओरडत होते. सोनिया माझ्याकडे बघत पडून राहिली. तिसऱ्या आकड्यालाही हलली नाही. त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. गोपभाई मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "विठा, लड़की ने हिसाब साफ कर दिया, साईं." पुढे ते आजारी पडले, कंपनी बंद झाली, रिंगच्या फळ्या कोणी कोणी नेल्या. सोनियाने अंबरनाथला पार्लर टाकलं. तिचा चमकणारा पट्टा शेजारच्या मुलीने नवरात्रात कंबरपट्टा म्हणून घातला.

तेव्हापासून अजिंक्यपद माझ्याकडे. हे सुख आहे असं लोकांना वाटतं. एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीच्या ड्युटीवर उभी असताना, भाजी घेताना, लग्नात जेवायला बसले असताना मला सारखं वाटायचं, आपल्याला कुठेतरी जायचं आहे आणि आपण जात नाही. बनूबाई हरली, सोनिया हरली, आणि माझ्यापाशी येऊन सगळं अडलं. कपाट उघडायचं, पट्टा काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. एका जागी बसणं मला तेव्हापासून जमत नाही. पती म्हणायचे, घरात तरी ड्युटी करू नकोस.

डॉक्टरांनी मानेचं सांगितलं, त्यानंतरच्या पहिल्या मृत्युपत्रात मी पट्टा किर्तीला लिहून दिला. किर्ती कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापते आणि सुटली की माझ्याकडे शिकायला येते. माझ्या सगळ्या मुलींत ती अंगाने बारीक आणि पकडीला चिवट. तिला सांगितलं तर ती खूश होईल अशी माझी कल्पना. तिने आधी गुडघ्यांची पॅडं सोडून ठेवली. मग म्हणाली, "ताई, मेल्यावर मिळालेला बेल्ट मी नाय घालणार. किससे जीती, असं कोणी विचारलं तर काय बोलू?"

मला राग आला. दुसऱ्या मृत्युपत्रात मी पट्टा माझ्यासोबत जाळावा असं लिहिलं. सही केली आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरीने जे म्हटलं तेच बनूबाईने म्हटलं असतं.

म्हणून मी ठरवलं की शस्त्रक्रियेआधी किर्तीशी लढायचं आणि हरायचं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की मानेला एक हिसका बसला तर हातपाय जातील. सुयोग माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. तो म्हणाला की बेल्टसाठी तुला पांगळी झालेली मी बघणार नाही, हॉलला कुलूप लावीन. तो चुकीचं बोलत नव्हता. वाट सोनियाने काढली. किर्तीने मानेला हातही न लावता फक्त पाय धरायचा, मी हात आपटून हार मान्य करायची आणि संपवायचं. ते मला कबूल करायला दोन दिवस लागले. चितपट मी अनेकदा झाले आहे, पण हात आपटून सोड म्हणणं मला आजवर जमलेलं नव्हतं.

मागच्या रविवारी अंबरनाथच्या हॉलमध्ये ती कुस्ती झाली. किर्तीच्या कारखान्यातल्या बाया आल्या होत्या, इमारतीतले काही लोक होते. पंच सोनिया. माझ्या गळ्यात डॉक्टरांचा कॉलर. मी गादीवर उताणी, सुयोग माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसला होता, त्या अटीवरच त्याने कुलूप लावलं नाही. पती बाहेर रिक्षात.

किर्तीने ठरल्याप्रमाणे पाय धरला. आता मी हात आपटायचा होता. हात उठेना. डावा नव्हे, चांगला उजवा. आणि मला कळायच्या आत मी पाय ओढून घ्यायला लागले. ठरलेलं सगळं डोक्यातून गेलं. किर्तीच्या ते लक्षात आलं. ती घाबरून हळूच म्हणाली, "ताई, सोडू का?" मी म्हटलं, "सोडलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

तिने सोडलं नाही. मान न हलवता कमरेखाली मला जे जे येतं ते मी केलं. टाच फिरवली, मोकळ्या पायाने तिची मिठी रेटली, आणखी एक डाव होता जो मी कोणालाच शिकवलेला नाही, तोही केला. ती माझ्या पोटरीला घोरपडीसारखी चिकटून राहिली. सुयोग आई, आई म्हणत होता. शेवटी मी हात आपटला तो ठरलं होतं म्हणून नव्हे. माझा पाय सुटत नव्हता म्हणून. या पट्ट्याच्या इतिहासात ठरवून न झालेली एवढी एकच हार आहे आणि ती माझी आहे.

बरं वाटलं, असं लिहायला हवं. पहिल्यांदा मी संतापले, मग मला हसू आलं, मग पाय इतका दुखला की दोन्ही बंद झालं. पट्टा मी किर्तीच्या कमरेला बांधला. सबब असं जाहीर करते, की सदर पट्टा आता माझ्या मिळकतीत नाही, मी तो कोणालाही देऊ शकत नाही, आणि माझ्या कोणाही वारसाने त्यावर हक्क सांगू नये.

६. यज्ञेश यांच्याबाबत. ते हल्ली बदलापुरात प्रतिष्ठित आहेत आणि माझ्या अंत्यविधीला येतील. त्यांना येऊ द्यावं, खुर्ची द्यावी, पाणी द्यावं. माइक देऊ नये.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मीनलताईंनी करावी. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असा त्यांचा सल्ला असल्याने सोनियाला इथे काहीही दिलेलं नाही. तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुष्कळ झालं, सही कुठे करू ते सांगा.

८. किर्तीसाठी. ही मिळकत नव्हे, सूचना आहे. एक दिवस तुलाही हरावं लागेल. कोणाकडून, ते तू ठरव. चांगली मुलगी शोध, तिला पडायला शिकव, आणि ती खरोखर तयार झाली आहे का हे बघायला शेवटच्या क्षणी एकदा पाय ओढून बघ.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मीनलताईंनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि जिथे त्यांनी माझं म्हणणं गुळगुळीत केलं होतं तिथे मी ते पुन्हा होतं तसं करून घेतलं. हे माझं शेवटचं मृत्युपत्र आहे. शस्त्रक्रियेतून उठले तर चौथं करण्याचा माझा हक्क राखून ठेवते.

सही: विठा रघुनाथ फुलोरे

साक्षीदार:
१. सोनिया शशिकांत कदम, अंबरनाथ पश्चिम
२. जितेश तुकाराम शेलार, खरवई

सौ. विठा फुलोरे यांनी आम्हां दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण: खरवई, बदलापूर
दिनांक: २० फेब्रुवारी २०२५