इंटरप्ट शून्य

२१ ऑक्टोबर २०१५, बुधवार, खंडेनवमी.
वाळूजच्या आमच्या शेडमध्ये यंत्रांची पूजा. बाकीचे बाहेरून ठिपका लावून मोकळे. मी टेस्टिंग मशीनचा कॉम्प्युटर बंद करून उघडला, सीरियल कार्ड उपसलं अन् ओलं कुंकू भरपूर लावलं. मनात मृण्मयी. सोमवारी मशीन चितेगावच्या गिऱ्हाइकाकडं गेलं की मालक काकासाहेब मला पर्मनंट करणार, अन् मी तिला विचारणार. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून काय झालं.

२३, शुक्रवार.
घोळ. सेन्सरचा आकडा आला की कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची, त्याला इंटरप्ट म्हणतात. कार्ड दिसतंय, हाक नाय. हाका मोजणारा काउंटर शून्य. दोष कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरचा, रिअल-टाइम लिनक्सचा. ते लिहिणाऱ्यांना मेल टाकला, कडक.
टेस्टिंगला मृण्मयीच बसते. दोनदा येऊन विचारलं, "हलला का काउंटर?" एवढी काळजी उगाच कुणी करत नाय.

२४, शनिवार.
लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा टाकला. शून्य. जुना कर्नल. शून्य. आयआरक्यू, म्हणजे हाकेचा नंबर, बदलला, तर माउस मेला. काकासाहेब म्हणाले, "प्रणय, बुधवारपर्यंत चालू होतं ना रे?" योगायोगानं चालत असणार, असं समजावलं. म्हणाले, सोमवारी नाय चाललं तर घरी बस. कीबोर्डवर मूठ आपटली. एंटरचं बटण गेलं.
उद्यापासून राग बंद.

२५, रविवार, सकाळ.
शेडमध्ये एकटा. पाच दिवस नळ नाय, टँकरचा पत्ता नाय, अंघोळ नाय. आज ती न आलेली बरी.

दुपार.
आली. पुंडलिकनगरहून, स्कूटीवर, खास. मी लांब उभा. तिनं विचारलं, "कार्ड काढून बघितलंस?" म्हटलं, प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा आहे, तुला नाय कळायचा. तिनं काढलं. खालच्या सोनेरी पट्ट्यांवर लाल खपली. "हे कुणी केलं?" मनोभावे केलं, म्हणालो. इंटरप्टची पट्टी नेमकी झाकली होती म्हणे, बाकीच्या चालू. तिनं पर्समधून खोडरबर काढून घासलं, कार्ड बसवलं. काउंटर धावायला लागला.
खोडरबर पर्समध्ये टाकून ती लगेच निघाली. लई भारावली असणार.

२६, सोमवार.
मशीन गेलं. मृण्मयीही गेली, काकासाहेबांच्या गाडीत. कार्डावरचं कुंकू त्यांना कळलं होतं. मला म्हणाले, "तू दुसरीकडं बघ आता." ठीक. आता प्रेमाच्या मधे नोकरी नाय. तिला फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. नेटवर्क भिकार.

२७, मंगळवार.
तिचा फोन आला. स्वतःहून, पहिल्यांदाच. हळू आवाजात म्हणाली, टूलबॉक्सची किल्ली तुझ्याकडं राहिली, वॉचमनकडं दे.
दिली.