इंजिन धरलं होतं

नाना, बोटीचं इंजिन मी खोललं. मागच्या पडवीत गोणपाटाखाली तुम्ही ठेवलं होतं तसंच ते पडून होतं. तुम्ही असेपर्यंत त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी आयटीआयला होते तेव्हा एकदा म्हटलं, प्लग काढून बघू का, तर तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. ‘मेलंय ते. राहू दे.’ तुमचा आवाज माझ्यावर, तुमच्या लेकीवर, चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला. आता द्राक्षबागांच्या बाजूला एकाने हॉटेल काढलंय, त्याला जुनी विलायती इंजिनं दारात मांडायची आहेत. ‘ताई, जाम सुटतंय का आणि आतून काय अवस्था आहे, एवढं बघून सांगा,’ म्हणाला. सिन्नरच्या कारखान्यात मी दिवसभर तेच करते, सिलिंडर तपासते. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

प्लग काढून दोन्ही भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि मुरू दिलं. रोज कामावरून आल्यावर वरच्या चाकाला पट्टा लावून थोडा जोर द्यायचा, हललं नाही की सोडून द्यायचं. घाई केली तर आतलं काहीतरी मोडतं, हे तुम्हीच मला सायकलच्या गंजलेल्या नटावर शिकवलं होतंत. रविवारी ते हललं. आधी केसभर, मग कुरकुरत पूर्ण एक फेरा. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने ‘नाना!’ म्हणाले.

त्या दिवशी मी काठावरच होते. लहान होते, पण सगळं आठवतं. धरणाच्या फुगवट्यावर एकाएकी वारा सुटला होता. शेजारचे काका टायरच्या ट्यूबवर बसून जाळी काढायला गेले होते, ते पार मधे उलटले आणि ट्यूबला धरून हाका मारत होते. वल्ह्याची होडी त्या लाटांत जाणं शक्य नव्हतं. मोटारची बोट तुमची एकट्याची. तुम्ही निघालात, काकू काठावर हात जोडून उभ्या आहेत, इंजिनाचा आवाज लांब जातोय आणि मधेच तो बंद पडतो. तुम्ही आमच्याकडे पाठ करून वाकला आहात, हात इंजिन सुरू करायची दोरी ओढल्यासारखा मागे येतोय, पुन्हा येतोय. वाऱ्याने बोट परत काठाला लावली तोवर हाका थांबल्या होत्या. ‘इंजिन धरलं,’ तुम्ही म्हणालात. त्याच संध्याकाळी ते खांद्यावर टाकून घरी आणलंत, आणि पुन्हा कधी पाण्यावर गेला नाहीत.

मी हेड, सिलिंडरवरचं झाकण, उघडलं. नाना, धावतं इंजिन धरलं, आतल्या आत जाम झालं, की सिलिंडरला ओरखडे पडतात, उभे, खोल. पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला फासलं जातं. ते कितीही वर्षांनी दिसतं. मी चिंधीने पुसलं, बॅटरी धरली, बोट फिरवलं, नख फिरवलं. दोन्ही सिलिंडर गुळगुळीत. जिथे पिस्टन थांबला होता तिथे तेवढा गंजाचा कडा, पडून पडून आलेला. खालचा गिअरही खोलला, काहीतरी तुटलेलं निघावं म्हणून. सगळं धड होतं. पेट्रोल अडकलं असेल, ठिणगी गेली असेल, असं म्हणावं, तर तुम्ही तसं कधीच म्हणाला नाहीत. इंजिन धरलं म्हणालात. ते धरलं नव्हतं. ते तुम्ही बंद केलं होतंत.

मी पायरीवर बसून राहिले. हात धुवायचंही सुचेना. तेवढ्यात काकू आल्या. आता काठी टेकत येतात.

‘सुटलं म्हनं गं?’

‘सुटलं, काकू.’

त्यांनी जवळ येऊन चाकावर पंजा ठेवला. चाक फिरलं. त्यांनी दचकून हात काढला.

‘हे तं फिरतंय!’

‘आता फिरतं. ऑइल मुरवलं ना इतके दिवस.’

‘मंग तवा? तवा खरंच धरलं व्हतं का?’

‘हो, काकू. आत ओरखडे आहेत. माणसाच्या हातात काही नव्हतं.’

त्या तिथेच टेकल्या. ‘लोक लय बोलले गं. मी म्हनायचे, तसा मानूस नाय तो. दर साली पावसाच्या आधी येऊन माझी कौलं परतायचा, चहाला सुदिक थांबायचा नाय.’ मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, ‘बरं झालं तू बघितलंस.’

नाना, तुम्ही घाबरलात, एवढं मला समजतं. लाटा मीही पाहिल्या होत्या. पण मागे वळून तसं सांगितलं असतंत तर? काकूंनी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, गावाने तोंडावर थुंकलं असतं, आणि आज माझी नजर त्यांच्यासमोर खाली गेली नसती. तुमच्यावर इतका राग मला कधीच आला नव्हता. हॉटेलवाल्याला मी कळवलं की आतून गेलेलं आहे, न्यायच्या लायकीचं नाही. काल हेड पुन्हा बसवून बोल्ट आवळले.

काकूंना अक्षर वाचता येत नाही. तरी तुम्हाला लिहिलेला हा कागद घरात ठेवायची मला भीती वाटते.