नमुना क्रमांक चौदा

धुळे,
ता. २ ऑगस्ट १९९३

ती. नानांस,
धाकट्या लीलाधरचा नमस्कार. वहिनींनाही सांगा. इकडे आम्ही बरे आहोत, पाऊस ठीक आहे. तुमचा मुरगळलेला पाय आता टेकत असेल.

तुमचं पत्र पोचलं. विहिरीला चुना मारला, पूजा घातली, पंगत उठली आणि ‘गाव शुद्ध झालं’ असं तुम्ही लिहिलंत. नाना, राग मानू नका, पण ती ओळ वाचून मी हातातला चहा मोरीत ओतला. त्यावर तुमचं आमंत्रण, की पुढच्या अखाजीलाही, अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर तूच भर, तुझ्या हाताला गुण आहे!

गुण! अहो, कसला डोंबलाचा गुण?

अखाजीनंतर तिसऱ्याच दिवशी गावात पटकी लागली आणि मी इथल्या प्रयोगशाळेतून जुलाबाचे नमुने घ्यायला परत आलो. तोवर तुम्ही निकाल देऊन मोकळे झाला होतात. आपल्या शेतावरचा सालदार चिंधा, सासरा वारला म्हणून गंधमुक्तीच्या विधीला चोपड्याकडे गेला होता, तिकडे पटकी होती, झालं! तुम्ही त्याच्या दारात उभे राहून ओरडलात, “बठ्ठं याना घरनं शे!” सगळी पटकी त्याच्या माथी मारलीत आणि दुखऱ्या पायानं त्याचा रांजण फोडलात. त्याची बायको भिकुबाई आत उलट्या करत होती. चिंधा हात जोडून म्हणत होता, “नाना, मना काय गुन्हा शे?” ट्रॅक्टर मागितला, तर ट्रॉली बाटेल म्हणालात. त्यानं बायकोला पाठीवर घेतलं. भडगावच्या फाट्यापर्यंतही ती पोचली नाही.

मी तिथंच होतो. हातात ब्लीचिंग पावडरची पिशवी होती. ती मी त्याच्या उंबऱ्यावर शिंपडत राहिलो.

आता ऐका. ते नमुने कलकत्त्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले होते, त्यांचा अहवाल परवा आला. कॉलऱ्याच्या जंतूलाही कूळ असतं, नाना. त्याचा डीएनए कापून, विजेवर पळवून फोटो काढला की आडव्या रेघा उमटतात, लुगड्याच्या काठासारख्या. काठ जुळला की कूळ एक. आपल्या गावचे बारा नमुने होते, भिकुबाईचा धरून. बाराही एका काठाचे. चोपड्याकडचा तेरावा. त्याचा काठ साफ वेगळा. चिंधानं काही आणलं नव्हतं. भिकुबाई आपल्याच विहिरीचं पाणी पिऊन मेली.

गावच्या बारांशी जुळला तो दोंडाईचाहून थेट तिकडे गेलेल्या नमुन्याचा काठ. तिथंही अखाजीच्या आधल्या आठवड्यात पटकी होती. आपल्या गावातून दोंडाईचाला कोण गेलं होतं? आठवा बरं. वहिनींच्या भाचीचं लग्न. तुमचा पाय मुरगळला म्हणून घरातून एकटाच कोण गेला?

अखाजीच्या आदल्या दिवसापासून मला जुलाब होत होते. ऊन लागलं असेल म्हणून गप्प बसलो. साऱ्या जगाला हात धुवायला शिकवणाऱ्या मला स्वतःचं पोट बिघडलं हे सांगायची लाज वाटली. सकाळी तुम्ही म्हणालात, “लीला, औंदा घागर तू भर.” आपल्या घरची रीत: विहिरीच्या खालच्या पायरीवर अंघोळ करायची आणि ओलेत्यानंच घागर बुडवायची. कोरड्या वस्त्रानं भरलेलं पाणी पितरांना चालत नाही! माझं धोतर आधीच खराब झालं होतं. तेच मी त्या पायरीवर धुतलं. पाणी ओघळून परत विहिरीत गेलं. मग मंत्र म्हटला. मग घागर भरली. सारी गल्ली दिवसभर ते पाणी प्यायली.

चौदावा नमुना माझा होता. नाव न घालता पाठवला, तोही त्याच काठाचा निघाला. म्हणजे संशय मला तेव्हापासूनच होता, आणि तरी चिंधाला जाताना मी बघत राहिलो. तुमची किळस येते, नाना. माझी जास्त येते. जेवताना स्वतःचे हात बघवत नाहीत.

गाव सुटल्यापासून चिंधा इथं धुळ्याच्या बाजारात पोती उचलतो. काल जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्यानं पोतं खाली ठेवलं नाही. म्हणाला, “माले काय सांगस? गावले सांग.”

पोळ्याला सगळं गाव बैल घेऊन पारावर असतं. आपल्या बैलांची शिंगं दहा वर्षं चिंधानंच रंगवली. मी त्या दिवशी येतोय. हे पत्र तुम्ही स्वतः पारावर वाचा, रांजण तुम्हीच फोडला होता. नाही वाचलंत तर मी वाचीन. दार लावून घ्यायचं असेल तर घ्या, पारावर बसायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्या गावात पटकी आणणारा,
तुमचा सख्खा भाऊ,
लीलाधर